दोन जावांचा हिरवा दिवा

दोन मेंदू मिळून निर्णय घेतात, त्याहून पवित्र घटना विश्वात नाही. इस्पितळात बोंद्रे बंधूंच्या डोक्यांवर मेंदूलहरी टिपणाऱ्या टोप्या चढवल्या, तेव्हा मात्र यंत्राचा दिवा लालच राहिला.

आईच्या हृदयाचं ऑपरेशन आजच व्हायला हवं होतं, आणि दोन नातेवाइकांच्या मेंदूलहरी जुळल्याशिवाय कायदा संमती ग्राह्य धरत नव्हता.

"अहो, मी हो म्हणतोय ना!" हेमंत म्हणाला.

"मीपण," शिरीष म्हणाला.

"तोंडाने म्हणताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत दोघंही जबाबदारी एकमेकांवर ढकलताय. घरचं आणखी कोणी आहे?"

बाकाच्या दोन टोकांना त्यांच्या बायका बसल्या होत्या. चुली वेगळ्या झाल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"हिच्याबरोबर?" थोरली वैजू म्हणाली. "आधी विचारा हिला, आईंना चोरून जिलबी कोण देतं ते!"

"आणि लोणच्याची फोड कोण देतं, तेही विचारा," धाकटी मंदा म्हणाली.

टोप्या चढल्या. पडद्यावर दोन रेषा थरथरल्या, जवळ आल्या आणि एकच झाल्या. एकीच्या मनात काही उमटायच्या आत दुसरीचा मेंदू उजळत होता. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. इतकी एकरूपता त्यांनी जुळ्या भावंडांतही पाहिली नव्हती.

"तुम्ही इतकी वर्षं फक्त एकमेकींचाच विचार करताय," त्या हळूच म्हणाल्या.

हेमंतने नकळत हात जोडले. दिवा हिरवा झाला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. रात्री आईंपाशी कोणी थांबायचं, यावर चौघांपैकी कोणाचंच कोणाशी जुळलं नाही, म्हणून बाई लावली.