फांदीवरचा हातमोजा

तळ्याकाठच्या धावण्याच्या वाटेवर सापडलेला हातमोजा कुणी घरी नेत नाही. तो जवळच्या फांदीत अडकवून ठेवायचा, म्हणजे हरवलेल्याला परत येताना दिसतो.

जुन्या लोखंडभट्टीच्या पडक्या धुराड्यापाशी गुन्वोर धावता धावता थांबली. बर्चच्या झाडाच्या फांदीवर एक हिरवा लोकरी हातमोजा होता. ऊन-पाऊस खाऊन विटलेला, टोकाला शेवाळ धरलेला. अंगठ्यावर लाल लोकरीचं रफू.

तिने स्वतःचे हात पाहिले. हिरवे हातमोजे, उजव्या अंगठ्यावर लाल रफू. कालच केलेलं.

"रुने, हा माझाच आहे रे."

"तुझे दोन्ही हातात आहेत की," बुटाची नाडी बांधत तिचा नवरा हसला. "धाप लागलीय म्हणून निमित्तं काढू नकोस. हो पुढे, आलोच मी. आणि तो राहू दे तिथेच. ज्याचा तो येईल न्यायला."

ती पुढे पळाली. तळ्याच्या वळणावर उजवा हात एकदम गारठला. पाहते तर उघडा. हातमोजा वाटेत कुठेतरी पडला असणार, म्हणून ती आल्या पावली माघारी धावली.

रुने धुराड्यापाशीच उभा होता. पाठीत वाकलेला, मघाची काळी दाढी आता पांढरीफटक. फांदीवरच्या हातमोज्याचं शेवाळ तो नखाने खरवडत होता, नेहमीचं काम असल्यासारखं.

गुन्वोरने हाक मारली. पुन्हा मारली. मग त्याचा दंड धरला. त्याने थंडी वाजल्यासारखी कॉलर तेवढी वर केली.

हातमोजा फांदीवर नीट बसवत तो पुटपुटला, "येईल. ज्याचा तो येईल न्यायला."