साहेबांचा एकच प्रश्न

वटारच्या अक्षदाने मुलाखतीची तयारी मन लावून केली होती. थोरला भाऊ देवेश रोज संध्याकाळी साहेब होऊन ओटीवर बसायचा आणि इंग्रजीतून प्रश्न विचारून तिला भंडावून सोडायचा. कॉम्प्युटरचा कोर्सही ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती.

वालीवच्या कारखान्यातल्या साहेबांनी मात्र त्यातलं काहीच विचारलं नाही. सर्टिफिकेटांवरून नुसती नजर फिरवत ते म्हणाले, "लग्न व्हायचंय ना अजून? म्हणजे आम्ही काम शिकवायचं आणि तुम्ही सासरी निघून जायचं."

"सर, लग्नानंतरही मी नोकरी करणार आहे."

"सगळ्या असंच म्हणतात," म्हणत त्यांनी फाइल तिच्या हातात परत दिली. याआधीच्या दोन्ही ठिकाणी तिला हेच ऐकावं लागलं होतं.

धुमसतच ती घरी आली, तर आई फोनपाशी तोंड पाडून बसली होती. मागच्या रविवारी अक्षदाला बघून गेलेल्या विरारच्या मंडळींनी निरोप कळवला होता.


"मुलगी आम्हाला पसंत आहे हो, पण आमच्या मुलाला नोकरी करणारीच बायको हवी."