बाबांना सापडलेली गोष्ट

“काय त्रास देऊन राहिला हा म्हातारा!” विद्याधरराव खो खो हसले आणि त्यांनी मोबाइल सुनेपुढे धरला. “वाच, आश्लेषा. सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मजेदार हाती लागलं.”

आश्लेषाने पाहिलं. वाचायची गरजच नव्हती.

पाहुणा. भाग अकरा. लेखिका : आकाशी.

गोष्टींच्या अ‍ॅपवर या टोपणनावाने लिहिणारी आकाशी म्हणजे तीच. घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्याला, शंतनुलासुद्धा नाही. आणि पाहुणा म्हणजे...

समोर बसलेले.

नागपूरहून त्यांना बंगळुरूत जे. पी. नगरला आणल्यापासून शंतनु बाबांना वाचनाची सवय लावू पाहत होता. इतिहास आणला, चरित्रं आणली, चांगल्या सवयी कशा लावाव्यात त्याचंही पुस्तक आणलं. रोज दहा पानं, बाबा. बाबा तिसऱ्या पानावर घोरत.

आणि आता हे.

“ऐक, ऐक,” म्हणत ते मोठ्याने वाचू लागले.

‘म्हाताऱ्याने सांबारात बोट बुडवलं आणि जाहीर केलं, हे वरण बिघडलेलं आहे.’

“आमचा थोरला भाऊ, डिट्टो!”

मंगळवारी. याच टेबलावर. हेच बोट. मोबाइल काढून घ्यावा? काय सांगून?

‘म्हातारा रोज सकाळी बूट घालून निघतो, फाटकापर्यंत जातो आणि परत येऊन म्हणतो, या गावात फिरण्यासारखं काही नाही.’

यावर विद्याधरराव हसले नाहीत.

“हे लिहिणाऱ्या बाईला कळवता येतं म्हणे. खाली जागा असते. मी सांगतो, तू टाइप कर.”

“राहू द्या ना, बाबा. कोण वाचतं तिथलं...”

“कर तर खरं.”

ते सांगत गेले, ती लिहीत गेली.

“बाई, म्हातारा झकास जमला. पण तो फाटकावरून वापस का येतो, ते तुम्हाला ठाऊक नाही. वॉचमन त्याला कन्नडात काहीतरी विचारतो. म्हाताऱ्याला ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, एवढंच येतं. ‘सरी’ म्हणतो आणि फिरतो माघारी. घरात पाहतो, तर मुलाच्या कानात हेडफोन, सुनेच्या कानात हेडफोन. मग तो सांबाराला नावं ठेवतो. तेवढ्यापुरते तरी हेडफोन निघतात.”

आश्लेषाचा अंगठा थांबला.

“झालं लिहून?”

“...झालं.”

“पाठव.”

तिने पाठवलं. स्वयंपाकघरात ओट्यावर तिचा मोबाइल वाजला.

विद्याधररावांनी आपला मोबाइल तिच्या हातून घेतला आणि अकरावा भाग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वर न बघता म्हणाले,

“तुझा वाजला.”