खो मिळेपर्यंत

माझ्या सासूबाई तीस वर्षं चिखलीत मुलींना खो-खो शिकवायच्या. मामंजी प्रभूकडे गेले तेव्हापासून त्यांची रोज सकाळी एकच प्रार्थना, "प्रभू, आता मलेबी बोलाव." आमेन म्हटलं की लगेच बीपीची गोळी घेतात, अंगणात दहा फेऱ्या मारतात, आणि मग पाठ ताठ करून पायरीवर बसून राहतात.

एकदा न राहवून मी विचारलं, "आई, जायाचंच हाय तं गोळी काऊन घेता?"

"खो मिळायच्या आधी उठलं तं फाउल होते, एस्तेर."

काल चहा द्यायला मी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुखरे गुडघे विसरून त्या झटकन उठल्या, हसत वळल्या. मी दिसले, तशा हळूच परत खाली बसल्या.