खपाऊ कादंबरी

सभागृहातल्या मुलाखतीत कादंबरीकाराने नेहमीप्रमाणे तोफ डागली. “लाखांनी खपणाऱ्या या कादंबऱ्या म्हणजे भुसा! त्या वाचणाऱ्यांची मला कीव येते.” लोक हसले. पहिल्या रांगेतली बाई मात्र तरातरा व्यासपीठावर चढली. उराशी धरलेली तसलीच जाडजूड कादंबरी तिने दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज माइकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तो खुर्चीसकट कोसळला, तरी ती मारतच राहिली. “नवरा पट्ट्याने फोडून काढायचा, तेव्हा न्हाणीघरात कडी लावून मी हीच वाचायचे. हिच्यामुळेच जगले! तुमची वाचून कोण जगलंय?” रखवालदारांनी तिला ओढून नेलं. नाकाला रुमाल लावून बसलेल्या कादंबरीकाराला पोलिसाने विचारलं, “तक्रार लिहून घेऊ?” त्याने मान खाली घातली. “नको, साहेब. तीस वर्षं लिहितोय. माझ्या पुस्तकापायी आजवर कुणी कुणाला चापटसुद्धा मारली नाही.”