बिनआवाजाचं मशीन

केकवर 'ताईला' लिहिलं होतं. हवं होतं 'आईला'.

गिऱ्हाईक भला माणूस. काउंटरवर खोका उघडून बघितला आणि हसला. "असू दे हो. आई खूशच होईल, वय कमी झालं म्हणून." तरी सासऱ्यांनी सुरीच्या टोकाने 'ता' खरवडून तिथे 'आ' काढला. हात जराही हलला नाही. मग नेहमीचंच म्हणाले, "विसरलो बघ."

गल्ल्यावर बसलेल्या सुनेला ठाऊक होतं, ते काही विसरत नाहीत. ओव्हनचं दार कुठे अडतं, कुणाला बदाम चालत नाहीत, सगळं ध्यानात. चुकायचं ते फक्त फोनवरून आलेलं. मागे एकदा 'बिनअंड्याचा'मधलं 'बिन' असंच कुठेतरी गळलं होतं, आणि ते गिऱ्हाईक काही हसलं नव्हतं.

म्हणून नवऱ्याने आज ऑर्डर घेणारी मशिनं विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं. तो कामाच्या टेबलाशी टॅबलेट उघडून बसला.

"हे बघा सर. फोन वाजला की हेच उचलतं. गोड बोलतं, ऑर्डर घेतं. माणूस लागतच नाही."

"झकास," नवरा म्हणाला. "बाबांना आराम."

सासरे फोनशेजारच्या उंच स्टुलावर होते. दुकान काढल्यापासून ती जागा त्यांचीच. बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. पण मुलाचं आपल्याकडे वळलेलं बोट त्यांना दिसलं. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

सून उठून टेबलाशी आली. "दुसरं काय आहे?"

"एक साधं आहे मॅडम. त्यात बोलणं नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर स्वतःच टाइप करतं, केकवर काय लिहायचं तेसुद्धा. इथे चिठ्ठी छापून येते. पण पहिल्यापुढे ते म्हणजे अगदीच..."

"वाजतं का?"

"नाही. दिवा लागतो फक्त."

"मग हेच द्या."

"अगं, पण का?" नवऱ्याने विचारलं.

"फोनच्या घंटीने पिल्लू दचकून उठतं माझं."

"पिल्लू? ते तर मिक्सर चालू असताना घोरत..."

टेबलाखाली तिचा पाय त्याच्या पायावर पडला. मागे मिक्सर घरघरत होता, आणि त्याच्या शेजारी टोपलीत तिचं तान्हं पिल्लू तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं. कंपनीच्या माणसाने तिकडे एकदा बघितलं आणि टॅबलेटमध्ये मान घातली. नवऱ्याने बायकोकडे बघितलं, मग वडिलांच्या हाताकडे. बराच वेळ बघितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पिल्लू उठतं."

"चिठ्ठीवरची अक्षरं मोठी करता येतील?" तिने बोटांनी माप दाखवलं.

"एवढी? कागद फार जाईल मॅडम."

"जाऊ दे."

मग ती सासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मिक्सरच्या वरताण आवाज काढून म्हणाली, "बाबा, आता ऑर्डरी छापून येणार. तुम्ही वाचायच्या आणि केकवर लिहायचं."

"मीच?"

"मग कोण? ह्यांचं अक्षर बघितलंय ना? 'शुभेच्छा' लिहायला बसले की 'च्छा' केकवरून खाली उतरतो."

"मी इथेच आहे," नवरा म्हणाला.

सासरे हसले. रिसीव्हरवरचा हात निघाला आणि क्रीमचा कोन शोधायला लागला.

कंपनीचा माणूस सही घेऊन गेला. मिक्सर थांबला. सून पुन्हा गल्ल्यावर बसली, तर सासरे आतून आले आणि त्यांनी तिच्यापुढे कोमट पाण्याचा पेला ठेवला. चिमूटभर मीठ अजून तळाशी फिरत होतं.

"घे. गुळण्या कर."

"कशाला बाबा?"

"किती दिवस माझ्याशी ओरडून बोलतेयस. घसा बसलाय तुझा."

तिने पेला उचलला. मग अगदी हळू, जवळजवळ आवाज न करता, ती काहीतरी म्हणाली. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि कळलं म्हणून मान डोलावली.