दहा नंबरचा जोड

"दहा नंबरचा, साप डसू न देणारा बुटांचा जोड एकच उरलाय," ओडेल म्हणाला. "तुम्ही भाऊ दोघं, दोघांचा नंबर एकच. उद्या निवडुंगाच्या रानात लावे मारायला जाणार. कुणाला देऊ?"

"मला," थर्मन म्हणाला. क्षणभरही थांबला नाही.

ओडेलनं काउंटरवर दोन जोड ठेवले. दोन्ही तपकिरी, गुडघ्यापर्यंत उंच, बाजूला चेन. एक जाडा, म्हणजे कातड्याआड चिवट कवच असलेला; खुळखुळ्या सापाचा दात त्यातून जात नसे. दुसरा साधा, नुसतं कातडं. दिसण्यात, वजनात फरक जेमतेम.

"आणि लुशसचं काय?"

"त्याला साधा चालेल. त्याला डसला तर मला सापाचीच दया येईल." थर्मन हसला. "चेन तेवढी नीट आहे ना? बूट ओढून घालणं त्याला जमत नाही."

"लहानपणापासूनचा आळशी! मोजे देऊ दोन जोड्या?"

"एकच. माझ्यापुरती."

काचेतून बाहेरची गाडी दिसत होती. आत लुशस बसला होता, सहा वर्षांनी फौजेतून परतलेला. त्याला चर्चमध्ये गायला ओडेलनंच शिकवलं होतं. ओडेलनं हात हलवला. लुशसनं टोपी उचलली, पण उतरला नाही.

"आत का येत नाही रे? काकाला विसरला?"

"रविवारी चर्चला येईल. तोवर कुणाला भेटायचं नाही म्हणतो." थर्मननं नजर खाली घातली. "शपथ घातलीय मला, काका. जास्त विचारू नका."

ओडेलनं विचारलं नाही. दोघांचा म्हातारा बाप मार्चमध्ये गेला. चौदाशे एकर रान दोघांच्या नावे. एक नसला की सगळं दुसऱ्याचं.

"रानात पुढं कोण चालणार?"

"लुशस. मी मागून."

शिकारीच्या तळावर सगळ्यांचे बूट पडवीत एका रांगेत असत. पहाटेच्या अंधारात अदलाबदल नको, म्हणून ओडेल प्रत्येक जोडाच्या आत तापल्या लोखंडानं नावाचं अक्षर उठवून देई. माणसं अक्षरावर बोट फिरवत आणि डोळे चोळत बूट चढवत.

"जाड्यावर टी, साध्यावर एल," थर्मन दारातून म्हणाला. "चुकू नका हं, काका. मी काडतुसं घेऊन येतो."

लोखंड लाल झालं.

तुझा भाऊ तुझ्या हवाली केलाय. गेल्या रविवारी पास्टरांनी प्रवचन गाता गाता हा एकच चरण तीनदा घोळवला होता, आणि तिसऱ्या वेळी ओडेलच्या डोळ्यांना धार लागली होती. आताही तोच सूर कानात घुमत होता. 'देवा, चुकत असेन तर हात धर,' तो पुटपुटला.

हात कुणी धरला नाही. त्यानं जाड्या जोडात एल उठवला. साध्यात टी.

थर्मन आला, पैसे देऊन दोन्ही खोकी घेऊन गेला. "रविवारी भेटू, काका!"

दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णवाहिका हमरस्त्यानं किंचाळत गेली. ओडेल दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. कोण? रानाकडून गावाकडं चाललेली. आत कोण?

तासाभरानं कालचीच गाडी दुकानासमोर आली. दार उघडलं. लुशस उतरला.

"देवा, तुझे उपकार!" ओडेल पुढं धावला.

लुशस हळूहळू, एकेक पाऊल मोजत आत आला आणि बाकावर बसला. चेहरा पांढरा पडला होता.

"थर्मन शुद्धीवर नाही, काका. डॉक्टर काही बोलत नाहीत." तो म्हणाला, "साप आधी मलाच डसला. आम्ही दोघं हसलो. मग साप मागं वळला... थर्मन बेफिकीर उभा होता. म्हणाला, येऊ दे, जाडा जोड माझ्या पायात आहे."

"रविवारी सगळ्यांसमोर मीच सांगणार होतो. तोवर गप्प राहा म्हटलं होतं त्याला. तुम्हालासुद्धा सांगितलं नसेल त्यानं." लुशस वाकला. "अक्षर कसं चुकलं, काका? बघा बरं एकदा."

त्यानं दोन्ही गुडघ्यांखालचे खटके दाबले आणि काउंटरवर उभे केले... दोन बूट, आणि दोन्हींत घट्ट बसलेले अख्खे नकली पाय.